सोंग उतरवताना

गेल्या सोमवारी सकाळी नऊ वाजून सत्तावन्न मिनिटांनी आमच्या कचेरीतल्या हजेरीच्या यंत्राने मला मुखवटा काढायला सांगितलं. यंत्र म्हणजे दाराशेजारच्या भिंतीवर बसवलेली वीतभर काच. तिच्यासमोर तोंड न्यायचं, आतली बाई 'थँक यू' म्हणते, आणि शासन त्या दिवसापुरतं आपलं अस्तित्व मान्य करतं. खरेदी साथीच्या दिवसांतली, त्यामुळे तोंडाला फडकं असलं की ती बाई 'प्लीज रिमूव्ह युअर मास्क' म्हणायची. साथ गेली, फडकी गेली, ते वाक्य मात्र आत तसंच पडून राहिलं. दोन-तीन वर्षांत ते कुणी ऐकलं नव्हतं. सोमवारी तिने ते मला ऐकवलं. मी तोंडावरून हात फिरवला. घाम होता, सकाळी राहून गेलेले दाढीचे चार खुंट होते, नाक होतं. पुन्हा तोंड पुढे केलं. पुन्हा तेच. मागे रांग. माझ्या शेजारच्या टेबलावर आवक-जावक बघणारा नितेश म्हणाला, "काढा की हो गोताड, एवढी बाईमाणूस विनवतेय." सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता माझा हात आपोआप वर गेला, पण फडक्याची दोरी असते तिकडे, कानाकडे गेला नाही. तो डोक्याच्या मागे गेला, मानेच्या खळगीच्या चार बोटं वर, आणि तिथे गाठ शोधायला लागला.

त्या जागी कसली गाठ असते हे त्या रांगेत माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. रावणाच्या मुखवट्याची असते. मी संदेश गोताड, वय सत्तेचाळीस, वरिष्ठ लिपिक, गृहकर्ज अजून नऊ वर्षं, आणि शिमग्याचे पाच दिवस रावण. आमचं गाव लांज्याच्या आत. तिथल्या नमनात, म्हणजे शिमग्यातल्या नाच-गाण्याच्या खेळात, रावणाचं सोंग नाचवायचा मान आमच्या घराकडे आहे. कसा आला ते कुणाला ठाऊक नाही. मान म्हणजे बहुतेक वेळा कुणीच मागून न घेतलेलं काम असतं. मुखवटा पांगाऱ्याच्या लाकडाचा, मधलं तोंड मोठं, दोन्ही बाजूंनी नऊ लहान तोंडं एका फळीवर ओळीने, शाळेच्या ग्रुप फोटोसारखी. मधल्या तोंडाला डोळे आहेत ते रंगवलेले. आतल्या माणसाला दिसतं ते रावणाच्या नाकपुड्यांतून. दहा तोंडं असून रावण एक अक्षर बोलत नाही. त्याचं बोलणं मागे उभे राहिलेले खेळे गातात, तो नुसता मृदुंगावर नाचतो. आधी माझे वडील नाचायचे, केरू गोताड, एकतीस वर्षं. मग त्यांचे गुडघे गेले आणि मी.

लहान असताना मी बाबांना विचारलं होतं की तोंडावर हे कशाला, लोकांनी ओळखू नये म्हणून का? शिमग्याचे दिवस होते, बाबा पडवीत बिडी ओढत बसले होते. म्हणाले, "लोकांना म्हाईत असता रे. अख्ख्या वाडीला म्हाईत हाय केरू नाचतोय. त्येला कळता नये आत कोन हाय ता." कुणाला, असं मी विचारल्यावर त्यांनी बिडीच्या टोकाने कोपऱ्यातल्या लाल फडक्यातल्या गठड्याकडे दाखवलं. तेव्हा मी पाचवीत होतो आणि विज्ञानात पहिला होतो, त्यामुळे हसलो. पण आमच्याकडची सगळी रीत त्या एका वाक्यावर उभी आहे. मुखवटा चढला की आतल्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. आतल्याने मनातसुद्धा घ्यायचं नाही. नाच संपला की मांडवाच्या मागे जायचं, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. एक जाणता माणूस मागून गाठ सोडतो, सोंग उचलतो, आणि नाव घेऊन हाक मारतो, तीनदापर्यंत. ज्याचं नाव आहे त्याने 'ओ' द्यायची. 'ओ' दिली की तो आला. मग वळायचं, तोंड दाखवायचं, चहा घ्यायचा.

ही हाक मारायचं काम सदूतात्यांकडे होतं. तात्या म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. बाबांना त्यांनी एकतीस वर्षं परत आणलं, मला अकरा. गेल्या शिमग्यात शेवटच्या दिवशी त्यांनी माझी गाठ सोडली, सोंग उचललं. वारा मानेला लागला. मी भिंतीकडे बघत होतो; भिंतीला शेण नुकतंच लावलेलं, त्यावर कुणाच्या तरी बोटांचे अर्धगोल. आणि तात्या एकतीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "केरू, ये रे."

आणि मी म्हणालो, "ओ."

पोरं खदखदून हसली. कुणीतरी म्हणालं, "तात्या, केरूकाका जाऊन धा वर्सा झाली, आता कंचा येतोय!" तात्या स्वतःच्या कपाळावर मारून घेत हसले. मीही हसलो, चहा घेतला. दुसरी हाक मारायचं कुणाला सुचलं नाही, कारण 'ओ' तर आली होती. रीतीप्रमाणे काम झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी एसटीने रत्नागिरीला आलो आणि कामावर रुजू झालो. म्हणजे कुणीतरी रुजू झालं.

हे मी गमतीने म्हणत असे. ज्येष्ठात म्हणायचो, आषाढात म्हणायचो. मग भाद्रपदात सदूतात्या गेले, आणि तेव्हापासून मला त्यात गंमत दिसेनाशी झाली. थकलेला माणूस कुठल्याही हाकेला ओ देतो, हे मला कळतं. मी बी.कॉम. आहे. पण बाबांच्या शेवटच्या चार महिन्यांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. त्या चार महिन्यांत बाबा ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. आई हाक मारायची, मी मारायचो, तात्या तर रोज सकाळी येऊन मारायचे, केरू, ये रे, केरू. डोळे उघडे, श्वास चालू, ओ नाही. त्यांना इथे रत्नागिरीत आणून दाखवलं. डॉक्टरांनी त्याला एक लांब इंग्रजी नाव दिलं. त्या नावालाही बाबांनी ओ दिली नाही. तसेच गेले. म्हणजे एक 'ओ' राहून गेली होती. ती दहा वर्षांनी दिली गेली, आणि ती माझ्या तोंडून. एखाद्या कागदावर चुकून दुसऱ्याच्या नावाने सही करावी तशी. सहीचं बरं असतं, ती खोडून बाजूला 'चू. दु.' म्हणजे चूक दुरुस्त लिहिता येतं. मी सत्तावीस वर्षं ते लिहीत आलो आहे.

सोमवारी कागदी हजेरीवर सही केली आणि टेबलाशी बसलो. मी एकेक गोष्ट मोजायला लागलो. एक, मला कुळथाचं पिठलं आवडायला लागलं होतं, जे मी बेचाळीस वर्षं ताटाबाहेर ढकललं. दोन, माझ्या 'र'ची शेपटी हल्ली खाली ओढली जात होती. बाबांना फक्त स्वतःचं नाव लिहिता यायचं आणि त्यातल्या 'रू'ला ते असंच फरफटत न्यायचे. तीन, खोकला. हे तिसरं स्नेहलने, म्हणजे माझ्या बायकोने, गणपतीनंतर सांगितलं होतं. "अहो, आपल्याच दाराबाहेर उभं राहून खाकरता कशाला? वन बीएचकेत कोण लपून बसलंय?" बाबा असे खाकरून घरात यायचे, आत सुना-बायका असायच्या म्हणून. मी म्हणालो होतो, घसा खराब आहे. त्या सोमवारी संध्याकाळी मी तिला यंत्राची गोष्ट सांगितली, हसत हसत सांगितली, आणि ती हसेल म्हणून थांबलो. ती बांगडे साफ करत होती. तिचा हात थांबला.

"एक सांगू?" ती म्हणाली. "रागवू नका. मागल्या रविवारी आपण भाट्याला गेलो होतो ना. तुम्ही पुढे चालत होतात, वाळूतून. मी मागून बघितलं आणि ओढणी डोक्यावर घेतली."

"ऊन होतं."

"ऊन कुठलं, सूर्य बुडत होता. आणि घेतल्यावर मला कळलं मी घेतली ते." तिने पुन्हा बांगडा धरला. "सासऱ्यांपुढे घ्यायचे मी. त्यानंतर कुणापुढे घेतली नाही."

घाबरलेल्या माणसाला दुसरा माणूस घाबरलेला दिसला की धीर येतो असं मी कुठेतरी वाचलं होतं. ज्याने लिहिलं त्याने बांगडे साफ करणारी बायको पाहिली नसावी.

मंगळवारी मी गावाला गंगारामकडे फोन केला. गंगाराम आमचा गावकर, म्हणजे गावच्या देवकार्याचा मानकरी, मुखवटे त्याच्या घरी माळ्यावर असतात. त्याला म्हटलं, अरे, मागल्या वर्षी असं असं झालं, तर तू एकदा माझं नाव घेऊन हाक मार, फोनवरच मार, मी ओ देतो. तो इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. मग एकदम गंभीर झाला. "संदेस, सोंग अंगावर नसताना मारली तर ती नुसती हाक. ती मारल्यान् काय व्हनार? तशी तर तुजी बायको पन मारत आसंल."

"ती अहो म्हणते."

"मंग झाला. सोंग घालूक हवा, नाचूक हवा, मंगच उतरवायचा. पन या वर्साला नमान नाय, म्हाईत हाय ना तुला?"

माहीत होतं. वरची वाडी आणि खालची वाडी यांचं पालखी आधी कुणाच्या दारात नाचवायची यावरून बिनसलं होतं, दोघांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आमच्याच कचेरीत, अर्ज दिले होते, आणि योगायोगाने त्या दोन्ही अर्जांची पोच माझ्याच सहीने गेली होती. नमन बंद. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. म्हणजे अजून एक वर्ष मी हा असा, कुळीथ खात, दाराबाहेर खाकरत, आणि दर दिवशी थोडा थोडा कमी. मला मरणाची भीती अशी वाटत नव्हती. मेलेल्या माणसाच्या जागी अनुकंपा तत्त्वावर कुणीतरी लागतो, तो निदान नवा असतो. मला भीती ही वाटत होती की मी जाईन आणि जागा रिकामी झाल्याचं कुणालाच कळणार नाही.

अशा मनःस्थितीत बुधवारी डॉ. प्रज्ञेश यांचा फोन आला. हे माझ्या मुलीच्या, राहीच्या कॉलेजात मराठीचे सहायक प्राध्यापक. राही एस.वाय.ला आहे आणि वडील रावण नाचवतात ही गोष्ट तिने दोन वर्षं लपवून ठेवली होती. ट्युटोरियलमध्ये गुणांसाठी ती तिने फोडली. शनिवारी एकदिवसीय चर्चासत्र होतं. विषय, 'रंगभूमीवरील मुखवट्याचे प्रयोजन'. लोककलावंत म्हणून मी यावं, दहा मिनिटं बोलावं, आणि शक्य असल्यास प्रात्यक्षिक. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग मला दिसलं की हे सोंग घालणं आहे, उतरवणं आहे, दिवसाउजेडी आहे, ट्यूबलाइटखाली आहे, आणि मागून हाक मारायला एक पीएच.डी. झालेला माणूस आहे. मी हो म्हणालो. आनंदाने म्हणालो असं त्यांना वाटलं असेल.

संध्याकाळी ते घरी आले. सडपातळ, चष्मा, बोलण्यात अदब. वहीत लिहून घेत होते. "सर, मुखवटा नटाला त्याच्या 'मी'पासून मुक्त करतो, असं म्हणता येईल ना?"

"मुक्त करतो," मी म्हणालो. "परत कोण आणतो ते विचारा."

"वा!" त्यांनी ते लिहिलं. "हे वाक्य मी बीजभाषणात वापरलं तर चालेल?"

मी त्यांना सगळं समजावलं. हाक कशी मारायची, कितीदा, नाव कुठलं. "फक्त संदेश म्हणा. सर नको, श्री नको. तीनदापर्यंत. मी ओ देईन." ते म्हणाले, किती सुंदर रिच्युअल आहे. कार्यक्रमपत्रिकेत त्यांनी ते घातलंही: '११.४० मुखवटा परिधान. ११.५५ मुखवटा उतरवणे व हाक (डॉ. प्रज्ञेश).' छापलेलं बघून मला सोमवारपासून पहिल्यांदा भूक लागली. छापील गोष्टीवर माझा विश्वास आहे. शुक्रवारी रजा टाकून गावाला गेलो, गंगारामकडे नारळ ठेवला, आणि रावणाला लाल फडक्यात बांधून एसटीत माझ्या शेजारच्या सीटवर बसवून रत्नागिरीला आणलं. त्याचं तिकीट काढावं लागलं नाही. सबंध वाटेत मी मनातसुद्धा स्वतःला हाक मारली नाही.

सभागृहात दीडशे मुलं होती, कारण हजेरी सक्तीची होती. तिसऱ्या रांगेत राही, दोन मैत्रिणींच्या मधे, मोबाइलमध्ये डोकं घालून, आपला या गृहस्थांशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने. मी दहा मिनिटं बोललो. काय बोललो आठवत नाही, टाळ्या पडल्या म्हणजे फार खरं बोललो नसेन. अकरा चाळीसला प्रज्ञेशांनी मागून गाठ मारली, बुटाच्या नाडीला मारतात तशी, आणि मी आत गेलो. आत गेल्यावर आधी वास येतो. जुनं लाकूड, तेल, आणि आधी घातलेल्यांचा श्वास. बिडीचा. मी बिडी ओढत नाही. मोबाइलवरून मृदुंग लागला, मी नाचलो, चार पावलं इकडे, चार तिकडे, गिरकी. अकरा त्रेपन्नला मी भिंतीकडे वळणार एवढ्यात दारात गडबड झाली. मुंबईचे प्रमुख पाहुणे आले होते. त्यांना दुपारी लगेच परत निघायचं होतं. प्रज्ञेश धावत माझ्याजवळ आले आणि रावणाच्या कानाला लागून, म्हणजे माझ्या कानापासून हातभर लांब, कुजबुजले, "सर, पाच मिनिटं. त्यांचं भाषण आधी उरकतो. तुम्ही असेच उभे राहा, व्हिज्युअल फार छान आहे."

सोंगात बोलायचं नसतं. मी मान हलवली. दहाही हलल्या. लोक हसले.

पाहुणे पंचेचाळीस मिनिटं बोलले. मी कोपऱ्यात उभा. डाव्या नाकपुडीतून पाण्याच्या बाटल्यांची रांग दिसत होती, उजवीतून राही, तिच्या कपाळावरचे केस आणि मोबाइलचा उजेड. बाकी सगळा काळोख. पाहुणे म्हणत होते की मुखवटा हा चेहऱ्याच्या हुकूमशाहीविरुद्धचा उठाव आहे. मुखवट्याने नट सार्वत्रिक होतो. मी ऐकत होतो आणि माझा श्वास लाकडावर आपटून परत येत होता, गरम. आधी तो लगेच येत होता. मग मला वाटलं की तो किंचित उशिरा येतोय. मी श्वास धरून पाहिला. मी धरला, आणि तरी एक आला. आता यात घाबरण्यासारखं काही नाही, लाकूड आहे, पोकळी आहे, हवा फिरते, हे मी स्वतःला समजावत होतो, पण स्वतःला समजावायचं तर स्वतःला काहीतरी म्हणून संबोधावं लागतं, आणि ते तर करायचं नव्हतं. नाव मनात आणायचं नाही. म्हणून मी दुसरं काहीतरी आठवायला लागलो. आवक क्रमांक. गृहकर्जाचा हप्ता कितीचा. पुढे काय? पुढे मला दिसलं ते डोंगरातलं कातळ, सडा, त्यावर पावसाआधी जाळलेला पाला, आणि माझ्या हातात कवळाने, तोडलेल्या डहाळ्यांनी, भरलेली पाटी. पेरणीआधी जमीन भाजायची ती भाजावळ मी आयुष्यात कधी केलेली नाही. मी तेव्हा लांज्याला हायस्कुलात होतो. भाजावळ बाबा करायचे. ते पाहिलं असेल, पाहिलेलं आठवत असेल, असं म्हणावं, तर पाहिलेल्या आठवणीत करणारा माणूस समोर दिसायला पाहिजे. समोर कुणी नव्हतं. पाटी माझ्याच हातात होती, तिचा काठ बोटांना रुतत होता. आणि खालून, घराकडून, एक पोरगं शाळेचा शर्ट घालून वर येत होतं, विज्ञानात पहिलं आलेलं, आणि ते मला फार लांबचं वाटलं. त्याचं नाव काय ते मला आठवेना. रीत म्हणून मी ते टाळत होतो की खरंच आठवत नव्हतं, हे कळायला काही मार्ग नव्हता. मी खाकरलो. सभागृहभर ऐकू गेलं. पाहुण्यांना वाटलं वेळ संपल्याची खूण आहे, आणि त्यांनी समारोप केला.

प्रज्ञेश आले. मी भिंतीकडे वळलो. भिंत कुठली, प्रोजेक्टरचा पडदा होता, त्याच्यावर कुठल्यातरी परदेशी मुखवट्याचं चित्र, आणि माझी सावली त्याच्या बरोबर तोंडावर. गाठ सुटेना. बुटाची गाठ घामाने आवळली होती. "एक मिनिट सर, सॉरी सर." सुटली. सोंग वर गेलं. मानेला एसीचा वारा लागला. मी डोळे मिटले आणि थांबलो. आता फक्त तीन अक्षरं. मागे माइक खरखरला, एक कागद उलगडल्याचा आवाज आला. तो माझ्या प्रमाणपत्राचा होता. नाव चुकू नये म्हणून त्यांनी ते समोर धरलं होतं. शिकलेल्या माणसाला छापलेलं सोडवत नाही. मलाही सुटलं नसतं.

"श्री. संदेश केरू गोताड!"

दोघं. त्यांनी दोघांना बोलावलं. एका दमात, एका दारातून, मुलगा पुढे आणि बाप त्याला चिकटून मागे, जसं जन्मापासून प्रत्येक कागदावर लिहिलं जातं तसं. मी दात आवळले. आता ओ दिली तर कुणाची जाईल? सभागृहात टाळ्या पडल्या आणि थांबल्या. मी वळलो नाही. लोकांना वाटलं अजून काही आहे, तेही थांबले. प्रज्ञेशांनी पुन्हा वाचलं, जरा जोरात. संदेश केरू गोताड. माझी जीभ टाळूला लागली होती आणि तिच्यामागे, घशात, दोन माणसं एका एसटीच्या दाराशी उभी होती, आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज घाबरलेला होता. तीन झाल्या. तीननंतर काय करायचं ते सदूतात्यांनी कधी सांगितलं नव्हतं. बाबांच्या वेळी तीननंतर चार महिने लागले होते. पडद्यावरचं चित्र बदललं, दुसरा मुखवटा आला, मग तिसरा. कुणाचा तरी अंगठा बटणावर राहिला असावा. माझे डोळे उघडे होते. श्वास चालू होता. असंच असतं तर, असं मला वाटलं, असंच असतं तर हे फार अवघड नाही, फक्त भिंतीकडे बघत राहायचं.

"पप्पा!"

चिडलेला आवाज होता. दीडशे मुलांसमोर बापाने तमाशा लावल्यावर एकोणीस वर्षांच्या मुलीचा होतो तसा. "पप्पा, काय करताय? वळा ना!"

बाबांना या जगात कुणी कधी पप्पा म्हटलेलं नव्हतं. मी त्यांना बाबा म्हणायचो, राही आजोबा म्हणायची. त्या हाकेला ओ देऊ शकेल असा एकच माणूस होता.

"ओ," मी म्हणालो. माइक जवळ होता. खिडकीची काच थरथरली. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, आणि पाहुणे म्हणाले की त्यांनी पाहिलेला हा मौनाचा सर्वोत्तम उपयोग आहे.

मग सगळे जेवायला खाली गेले. राही राहिली. तिने पाण्याने रुमाल भिजवून माझं नाक पुसलं, तिथे लाकडाचा रंग लागला होता. रागात होती, पण हात हलका होता. "मैत्रिणी विचारतात, तुझे पप्पा ॲक्टर आहेत का. आता काय सांगू?" मी तिच्याकडे बघत होतो. तिचं नाव मला आठवत होतं. माझंही. पाटी हातात नव्हती. हा सगळा हिशेब बरोबर लागत होता आणि तरी मी जेवायला जात नव्हतो. मी आलो होतो, ते खरं. पण त्यांनी दोघांना बोलावलं होतं, आणि दुसरा गेला की नाही हे कुणी विचारलं नव्हतं.

"राही," मी म्हणालो, "मी असा तिकडे तोंड करून उभा राहतो. तू एकदा हाक मार. केरू म्हण."

"आजोबांना? नावाने?"

"मार."

"पप्पा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"मार म्हणतो ना."

मी रिकाम्या पडद्याकडे वळलो आणि दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले. मागे ती जराशी हसली, मग थांबली. मग रस्त्यापलीकडच्या माणसाला मारावी तशी तिने स्वच्छ, मोकळी हाक मारली.

"केरू!"

पोटातून काहीतरी उठलं. छातीतून वर आलं, घशाशी आलं, हातांच्या आतल्या बाजूला गरम लागलं. मी ते गिळलं.

सभागृहात काही वाजलं नाही. खालून ताटांचा आवाज येत होता.

"तीनदा मारायची असते ना?" राही म्हणाली. "अजून दोन राहिल्या."

मी हात काढले नाहीत. मानेनेच तिला नको म्हटलं.